उतरल्यावर जेवायचं कुठे?

नागपूरला पहिल्यांदा निघालेल्या माणसाने तिथल्या कुणाही ओळखीच्याला विचारावं, ‘काय खाऊ, कुठे खाऊ?’ उत्तर साधारण एकच येतं. सकाळी तर्री पोहे. दुपारी वऱ्हाडी थाळी: झुणका-भाकर, पाटवडीचा रस्सा, जमलं तर वडाभात. संध्याकाळी धरमपेठेत कॉफी. रात्री सावजी. आणि गाडीत चढताना हातात संत्रा बर्फीचा डबा. ही यादी लोकांच्या तोंडी इतकी बसली आहे की ती भोसल्यांच्या काळापासून चालत आली असावी असं वाटतं. प्रत्यक्षात आपल्या आजोबांनाही ती ठाऊक नव्हती. ते कधी नागपूरला गेले असतील, तर ‘काय खायचं’ हा प्रश्न त्यांना पडलाही नसेल. आपल्याला कोण जेवू घालेल याची त्यांना काळजी होती. आणि त्याच्याही आधी, कुणाच्या हातचं चालेल याची.

पदार्थांच्या जन्मकथा पुष्कळ लिहिल्या जातात. अनोळखी गावात पाय ठेवायच्या आधीच खाण्याचे मुक्काम ठरवून ठेवायचे, या सवयीची जन्मकथा मात्र कुणी फारशी विचारत नाही. ती शोधायला नागपूर सोयीचं आहे, कारण निव्वळ फिरायला म्हणून इथे फार थोडे येतात. लोक येतात ते कोर्टाच्या तारखेला, मेडिकलमध्ये, अधिवेशनाला, मोर्चाला, दीक्षाभूमीवर, नाहीतर नुसते गाडी बदलायला. यादी या माणसांनी घडवली. पर्यटक तिच्यावर शेवटी येऊन बसला.

विदर्भातला सगळ्यात जुना धागा तेराव्या शतकात सापडतो. चक्रधरस्वामी गुजरातेतून रामटेकच्या यात्रेला म्हणून निघाले, वाटेत ऋद्धिपूरला गोविंदप्रभू भेटले, आणि पुढचं आयुष्य पायी फिरण्यात गेलं. म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी जमवून ‘लीळाचरित्र’ रचलं. त्यांच्या महानुभाव पंथातल्या पुढच्या लोकांनी ‘स्थानपोथी’ केली. स्वामी कोणत्या गावी उतरले, देवळाच्या कोणत्या अंगाला बसले, आरोगणा कुठे झाली, हे त्यांनी जागेनिशी टिपून ठेवलं. मागून येणाऱ्याने तिथे जाऊन नमस्कार करावा, हा हेतू. थोर माणूस जिथे जेवला ती जागा नवख्याने बघावी, ही कल्पना मराठीत इतकी जुनी आहे. गंमत अशी की त्याच पंथातल्या भिक्षूंचा स्वतःचा दिनक्रम याच्या नेमका उलटा होता. अटन, विजन, भिक्षा, भोजन. हिंडायचं, एकांतात बसायचं, झोळीत पडेल ते घ्यायचं आणि खायचं. आज कुणाच्या दारात काय मिळेल हे आधी ठरवणं हाच तिथे दोष.

बाकीच्या जगाला मात्र ठरवूनच निघावं लागे, आणि ठरवणं म्हणजे शिदोरी बांधणं. दुधात भिजवलेल्या दशम्या, सातूचं पीठ, लाह्या, गूळ, चटणी. दशमीत पाणी नसल्याने ती टिकायची, आणि सोवळं पाळणाऱ्यालाही प्रवासात चालायची. एका पदार्थात दोन्ही अडचणी सुटत. बैलगाडीने जाणारे वऱ्हाडातले लोक पीठ-मीठ बरोबर घेत आणि मुक्कामावर गोवऱ्या पेटवून रोडगे भाजत; जोडीला वांग्याची भाजी आणि वरण. आज हेच रोडगे नागपुरातल्या थाळीवर ‘खास वऱ्हाडी’ म्हणून येतात. मुळात ते, वाटेत कुणी जेवू घालणार नाही हे धरून केलेलं जेवण आहे.

ते घडी बसलेलं चित्र आगगाडीने मोडलं. १८६७ साली मुंबईहून निघालेली जी. आय. पी. रेल्वे नागपूरला पोचली. पुढे छत्तीसगडच्या बाजूने बंगाल-नागपूर रेल्वे आली, १९२५ च्या जानेवारीत गव्हर्नर फ्रँक स्लाय यांच्या हस्ते आजच्या स्टेशन-इमारतीचं उद्घाटन झालं, आणि १९२९ च्या सुमारास काझीपेट-बल्लारशा रूळ जोडले गेल्यावर दिल्ली-मद्रासचा सरळ मार्गही नागपूरवरून जाऊ लागला. मुंबई-हावडा आणि दिल्ली-मद्रास या दोन्ही वाटा एकाच गावात एकमेकींना छेदतात. याचा खाण्याशी संबंध असा, की नागपूर हे लाखो माणसांचं थांबायचं गाव झालं आणि जायचं गाव राहिलं नाही. कित्येकांनी नागपूर पाहिलं ते खिडकीतून, वीसेक मिनिटं, संत्र्यांच्या करंडीच्या मागे. खिडकीतून संत्री घ्यायची हा त्यांचा नागपूरचा एकुलता एक खाद्य-कार्यक्रम.

खाण्याचे थांबे पहिल्यांदा छापले ते या रेल्वेच्या काळातच. साहेबांसाठी लंडनहून निघणाऱ्या मरेच्या प्रवासी पुस्तकात गावाच्या नावापुढे बारीक खुणा असत: इथे रिफ्रेशमेंट रूम आहे, इथे डाक बंगला आहे. चव कशी, याच्याशी त्या खुणांना देणंघेणं नव्हतं. टेबल, खुर्ची, सूप मिळेल एवढी हमी त्या देत. देशी उतारूंसाठी स्टेशनावर वेगळी व्यवस्था उभी राहिली, आणि ती आपल्याच मनासारखी होती: हिंदू चहा वेगळा, मुसलमान चहा वेगळा, पाण्याच्या घागरीही वेगळ्या. दशमीच्या फडक्यात बांधलेला नियम आता फलाटावर पाटी लावून उभा राहिला. आणि ज्यांना कुठल्याच घागरीतून पाणी मिळत नव्हतं त्यांच्यासाठी पाटीच नव्हती.

गावात काय होतं? नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी. १८८५ मध्ये मॉरिस कॉलेज निघालं, १९२३ मध्ये विद्यापीठ, १९३६ मध्ये हायकोर्ट. म्हणजे कारकून, विद्यार्थी, वकील आणि पक्षकार. अकोला-यवतमाळचा शेतकरी जमिनीच्या दाव्यासाठी यायचा आणि वकिलाच्या ओसरीवर किंवा जातीच्या धर्मशाळेत उतरायचा. एकट्या पुरुषांसाठी खाणावळी निघाल्या, महिन्याचे पैसे, दोन वेळचं ताट, रविवारी गोड. गरीब ब्राह्मण मुलगा ‘वार लावून’ जेवायचा: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. नीट पाहिलं तर खाण्याच्या मुक्कामांचं खरं वेळापत्रक हेच पहिलं. सात दिवस, सात पत्ते, आणि एखाद्या घरी सुतक निघालं तर त्या दिवशी उपास. नव्या शहरात पाऊल टाकणाऱ्या मुलाची आई सगळ्यात आधी कुठल्या घरी कोणता वार लागेल याची पत्रं पाठवायची. ही सोय जातीपुरती होती, हे सांगायला नको. दलित मुलांना चोखामेळा वसतिगृहासारखी जागा मिळाली तरच शहरात राहून शिकता येई.

१९२० हे साल या कथेत महत्त्वाचं आहे. त्या मेअखेरीस नागपुरात अस्पृश्यांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्षस्थानी शाहू महाराज होते आणि तरुण आंबेडकर तिथे आले होते. शाहू महाराजांनी कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना चहाचं दुकान काढायला मदत केली होती, आणि स्वतः तिथे चहा पिऊन बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावला होता, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. कुठे चहा घ्यायचा हे ठरवणं हे राजकारण असतं, हे त्या माणसाला कळलेलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन नागपुरातच झालं. जमनालाल बजाज स्वागताध्यक्ष, प्रतिनिधी साडेचौदा हजारांच्या घरात. एका शहराने एकदम इतक्या पाहुण्यांना जेवू घालण्याचा हा प्रसंग होता. काँग्रेसनगर हे नाव त्याची आठवण सांगतं.

आता सावजी. आजच्या यादीतला हा सगळ्यात मोठा मानकरी, आणि याच्याबद्दलच सगळ्यात जास्त भाबडं लिहिलं जातं. तिखटाची पैज, नाकातोंडातून पाणी, वगैरे. सावजी हे हलबा कोष्टी समाजाचं जेवण. कोष्टी म्हणजे विणकर, आणि नागपूरची लुगडी-धोतरं एकेकाळी लांबवर जात. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी जुम्मा तलावाकाठी एम्प्रेस मिल सुरू केली. त्याच दिवशी राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केलं गेलं, म्हणून मिलला ते नाव. गिरणीचं स्वस्त कापड आलं आणि हातमाग मागे पडत गेला. काही कोष्टी गिरणीत गेले, काहींनी माग धरून ठेवला, पुढे यंत्रमागाने तोही गाठला. ज्या घरात मागावर भागेनासं झालं, तिथे पुढच्या खोलीत दोन बाकडी पडली आणि आतल्या चुलीवरचं घरचं कालवण बाहेर विकायला आलं. शिजवणारी बाई आत, वाढणारा पुरुष बाहेर. अजूनही जुन्या सावजी भोजनालयाचं तोंड घराचंच असतं: चपला कुठे काढायच्या हे कळत नाही, हात धुवायला मागच्या अंगणात जायचं, आणि मालकाचा नातू गल्ल्याशेजारी गृहपाठ करत असतो.

मसाला कोरडा भाजलेला. धणे, खसखस, सुकं खोबरं, लवंग, मिरी, दगडफूल. ज्याच्या-त्याच्या घरचं प्रमाण वेगळं आणि कुणी सांगत नाही. जुन्या पद्धतीत जवसाचं तेल. ताटात मटण तर आहेच, पण खूर, वजडी, मुंडी, खिमाही आहे. बकऱ्याचं काही टाकून द्यायचं नाही, हे गरीब घराचं गणित. आणि मांसाहार न करणाऱ्यालाही याच रश्शात जेवता येतं: डाळकांदा आणि पाटवडी. पाटवडी म्हणजे शिजवलेल्या बेसनाची वडी, तिखट रश्शात सोडलेली. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्याला थोड्या कालवणात जास्त भाकरी खाता यावी, अशी या जेवणाची रचना आहे. म्हणून रस्सा इतका जहाल. भाकरीचा तुकडा हलकेच बुडवायचा असतो. पाहुणे वाटीने पितात आणि मग सावजीला दोष देतात.

याच कुळातली दुसरी गोष्ट लांब पोळीची. उलट्या मडक्यावर, हातभर पसरलेली, कागदासारखी पातळ. पातळ मळलेली कणीक हातावर झुलवत लांबवायची, हे कसब नागपुरातल्या दलित वस्त्यांमधल्या बायकांनी पिढ्यानपिढ्या सांभाळलं. बरीच वर्षं कुठल्याही यादीत तिचं नाव नव्हतं. अलीकडे मासिकांतही तिचे फोटो येतात. खाणारे तेच, शहर तेच. यादी करणारे बदलले, तेव्हा ती दिसू लागली.

पोह्यांचा मामला तितका खोल नाही. चिवट, स्वस्त, सकाळच्या पाळीला धावपळीत खाता येणारा पदार्थ, आणि वरून काळ्या हरभऱ्याची तर्री. कोकणातल्या-पुण्यातल्या मऊ, लिंबू पिळलेल्या पोह्यांवर वाढलेल्या माणसाला हा प्रकार पहिल्या घासाला अन्याय वाटतो. दुसऱ्या घासाला तोच ‘भाऊ, तर्री अजून टाका’ म्हणतो. कस्तुरचंद पार्कच्या आसपासच्या गाड्यांचं नाव यात झालं, आणि त्याचं कारण चवीइतकंच नकाशात आहे. स्टेशन, सीताबर्डीचा किल्ला, विधान भवन, झिरो माइलचा दगड आणि हे मैदान ही सगळी पायी हिंडण्याच्या अंतरात आहेत. रात्रीच्या गाडीने उतरलेला माणूस सकाळी जिथे आपोआप पोचतो, तिथे गाडी लागते. झिरो माइलवर गावागावांची अंतरं कोरलेली आहेत. नाश्त्याचं अंतर बाहेरगावच्यांनी पायांनी मोजलं.

त्या मैदानाला ज्यांचं नाव आहे ते सर कस्तुरचंद डागा मूळ बिकानेरकडच्या सावकारी घराण्यातले. त्याच बिकानेरहून, जवळजवळ शतकाने, दुसरं एक घराणं आलं. हल्दीराम भुजियावाल्यांच्या घरातले शिवकिसन अग्रवाल १९७० च्या आसपास नागपुरात येऊन बसले. आज बाहेरगावचा माणूस ‘नागपूरची खासियत’ म्हणून जो डबा नेतो, त्यातला फार मोठा वाटा या बिकानेरी दुकानदारीचा आहे. नागपुरी माणसाला हे सांगितलं तर तो जरा दुखावतो, पण त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. संत्रं नेणं अवघड होतं. ते नासतं, दबतं, आणि वर्षभर मिळत नाही. आंबिया बहाराचं फळ दिवाळीनंतर हिवाळ्यात, मृगाचं फेब्रुवारी-मार्चकडे. जूनमध्ये येऊन संत्री शोधणाऱ्याला काहीच हाती लागत नाही. शिवाय बागा शहरात नाहीतच, त्या काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीकडे आहेत. नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन २०१४ मध्ये मिळालं, पण त्या आधीच बर्फीने फळाला डब्यात घालून बारमाही केलं होतं. खिडकीतून करंडी घेण्याची जी सवय रेल्वेने लावली, तीच ही, फक्त पुठ्ठ्याच्या खोक्यात.

आता कॅफे. याची वंशावळ थोडी लपलेली आहे. कॉफीचा खप वाढवण्यासाठी सरकारी यंत्रणेने १९३६ पासून इंडिया कॉफी हाऊस काढली. पन्नाशीच्या दशकात कॉफी बोर्ड ती बंद करायला लागलं तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनीच सहकारी संस्था काढल्या. पहिली बेंगळुरूला १९५७ मध्ये, आणि ही चळवळ पुढे ज्या शहरांत गेली त्यांत नागपूर होतं. सदरमधल्या कॉफी हाऊसमध्ये एका कपावर तासन्‌तास बसता यायचं, आणि फेटेवाला वाढपी उठवायला येत नसे. नवख्या माणसाच्या दृष्टीने हाच त्याचा गुण. कोर्ट अकराचं, गाडी रात्रीची, मधले तास कुठे काढायचे? स्टेशनचं प्रतीक्षालय तिकीटवाल्यांचं, नातेवाइकाच्या घरी जावं तर जेवून जा म्हणतील. कॉफी हाऊसने कुणाचंही मिंधं न होता बसायची जागा दिली. तिथे शेजारच्या खुर्चीवर कोण बसलंय हे विचारायची सोयही नव्हती. आज धरमपेठ, रामदासपेठ, शंकरनगरच्या वातानुकूलित कॅफेंत लोक लॅपटॉप उघडून बसतात, ते त्याच खुर्चीचं भाडं देतात. कॉफी दामदुप्पट झाली म्हणून रागावण्यात अर्थ नाही. आपण तास विकत घेतो. नागपूरच्या मे महिन्यात तर तो फार स्वस्त सौदा आहे. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते.

स्वातंत्र्यानंतर यादी पक्की होण्याला दोन वार्षिक घटना कारण झाल्या, असं माझं मत आहे, आणि दोन्ही शहराच्या राजकीय नशिबाशी बांधलेल्या आहेत.

पहिली अधिवेशनाची. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूरची राजधानी गेली. मध्य प्रदेशचं सचिवालय भोपाळला हललं आणि विदर्भ मुंबई राज्यात आला. १९५३ च्या नागपूर करारात दिलेल्या शब्दाला धरून १९६० पासून विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथे भरू लागलं. कोकणातले, पश्चिम महाराष्ट्रातले आमदार, त्यांचे स्वीय सहायक, मुंबईचे पत्रकार, मंत्रालयातले कर्मचारी, सगळे एकदम नागपुरात. आमदार निवास, रविभवन, सिव्हिल लाइन्समधले १६० खोल्यांचे गाळे भरून जातात. या माणसांना दोन आठवडे घरचं जेवण नसतं, संध्याकाळ मोकळी असते, आणि थंडी असते. ‘नागपुरात काय खायचं’ हा प्रश्न हौसेने विचारणारा पहिला मोठा घोळका हाच. सावजी इतवारी-गोळीबार चौकातून महाराष्ट्रभर पोचलं ते बहुतांशी यांच्या तोंडून. वर्तमानपत्रांत अधिवेशनाच्या बातम्यांच्या कडेला खमंग सदरं येतात, कोणता नेता कुठे रस्सा ओरपताना दिसला वगैरे. त्याच वेळी मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला अडवलेला मोर्चेकरी फुटपाथवर फडकं सोडून भाकरी-ठेचा खात असतो. तोही बहुधा पहिल्यांदाच नागपूरला आलेला असतो. त्याची यादी कुणी छापत नाही.

दुसरी घटना १४ ऑक्टोबर १९५६ ची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सीताबर्डीतल्या श्याम हॉटेलात उतरले होते, आणि लाखोंचा समाज मिळेल त्या वाहनाने, पायी, शिदोऱ्या बांधून बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला दीक्षाभूमीवर पोचला होता. तेव्हापासून दर वर्षी दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी, ही माणसं येतात. मराठवाड्यातून, तेलंगणातून, उत्तर प्रदेशातून; अनेकांची ती शहराशी पहिली भेट. आणि त्यांच्यासाठी दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर भोजनदानाचे मंडप लागतात. पोहे, खिचडी, पुरी-भाजी, मसालेभात, ताक. कुठे बँकेतल्या कर्मचाऱ्यांची संघटना, कुठे एखाद्या वस्तीतलं मंडळ, कुठे एकच कुटुंब. रांगेत उभ्या राहिलेल्याला कुणी नाव विचारत नाही, आडनाव तर नाहीच. फलाटावरच्या वेगळ्या घागरींची ज्यांना आठवण आहे, किंवा आजीकडून ऐकलेली आहे, त्यांच्यासाठी न विचारणं ही साधी गोष्ट नाही. शिदोरी या गर्दीत अजूनही असते, पण आता ती वाटून खायला. ताजुद्दीन बाबांच्या उरुसात ताजबागेतही असाच लंगर चालतो. शहरात फुकट जेवण आणि सगळ्यात कमी चौकशी कुठे, याची यादी केली तर ही दोन ठिकाणं वर येतील.

खरं तर आणखी एक यादी रोज तयार होते. मेडिकल, म्हणजे १९४७ चं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आणि जुनं मेयो रुग्णालय. गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याकडून, शिवाय बैतूल, छिंदवाडा, बालाघाटहून रुग्णाबरोबर आलेले नातेवाईक पहिल्या संध्याकाळीच एकमेकांना विचारून घेतात: गरम पाणी कुठे मिळतं, कोणती संस्था किती वाजता जेवण वाटते, भात पुरेल असा ठेला कोणता. ही माहिती तोंडोतोंडी जाते आणि फार अचूक असते. तारे देणाऱ्या कुठल्याही यंत्रणेपेक्षा अचूक, कारण चुकली तर माणूस उपाशी राहतो.

फोनवरच्या आजच्या याद्यांचा कल पाहण्यासारखा आहे. रेल्वेचे रूळ नागपूरचे दोन भाग करतात. पूर्वेला इतवारी, महाल, गोळीबार चौक, मोमिनपुरा. पश्चिमेला सिव्हिल लाइन्स, सदर, धरमपेठ. कॅफे आणि देखणी रेस्टॉरंटं जवळजवळ सगळी पश्चिमेला, म्हणजे ज्या बाजूला साहेब राहत होता तिथे. याद्याही तिकडेच झुकतात. पूर्वेचं एखादं सावजी चवीपुरतं. एम्प्रेस मिल अखेर बंद पडली आणि त्या जागेवर मॉल उभा राहिला. गिरणी कामगारांच्या जागी आता फूड कोर्टातली टेबलं. शाखा सावजीच्याही निघाल्या, पश्चिमेला, काचेच्या दाराच्या, तिखट बेतात ठेवलेल्या.

११ डिसेंबर २०२२ या एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या. मेट्रोचे उरलेले मार्ग सुरू झाले, त्यामुळे अग्रसेन चौक, चितार ओळीपर्यंत रूळ ओलांडून थेट जाता येऊ लागलं. आणि समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. रस्ता गुळगुळीत, पण सुरुवातीला वाटेत खाण्यापिण्याच्या धड सोयी नव्हत्या. लोक तक्रारी करत होते आणि सोबत डबे नेत होते. दीडशे वर्षांच्या रेल्वेनंतर, सहा पदरी रस्त्यावर, पुन्हा दशम्या.

तेव्हा पहिल्यांदा येणाऱ्याने बेत करावा तो असा. सावजी पहिल्या रात्री नको. प्रवासाचं पोट त्याला तयार नसतं. दुसऱ्या दिवशी दुपारी जावं, मेट्रोने पूर्वेला, घराचं तोंड असलेल्या जागी, आणि सुरुवात डाळकांद्याने करावी. पोहे नऊच्या आत. थाळीसाठी एक पूर्ण दुपार मोकळी ठेवावी, कारण वडाभातावर गरम फोडणी ओतून घेतल्यानंतर कुठलंही ठिकाण बघणं होत नाही. उन्हाळ्यात बारा ते पाच कॅफेत काढावेत, संकोच न करता. संत्री हवी असतील तर स्टेशनच्या पूर्वेच्या संत्रा मार्केटात हिवाळ्यात, एरवी बर्फी. अधिवेशनाच्या दिवसांत चांगल्या जागी टेबल मिळणं कठीण, तेव्हा आधी फोन करावा. आणि दसऱ्याच्या आठवड्यात येणार असाल तर गाडीचं तिकीट आणि खोली महिनाभर आधी बघून ठेवा. जेवणाचं बघायची गरज पडणार नाही.